पेन्सिलच्या ओळीवरचा हात

कर्वेनगर, पुणे
सोमवार, १३ जून २०१६

आदरणीय अक्का,

तुझ्या धाकट्या भावाचा सप्रेम जयभीम. इकडे सगळे धडधाकट आहोत. सुशीलाची कंबर आणि माझं डोकं एवढं सोडून. तुझ्या गुडघ्याचं कसं आहे? डॉक्टरांनी दिलेलं तेल स्वतः लावतेस, की मागच्या वेळेसारखं शेजारणीला देऊन टाकलंस? (वर पुन्हा तिचा गुडघा बरा झाला म्हणून मलाच कौतुकानं सांगितलंस.) बार्शीत पाणी कसं येतं? आमच्याकडे एक दिवसाआड येतं, आणि मी रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी सोसायटीतले लोक नळ कोरडा दिसला की माझ्याकडे बघतात. खडकवासल्याच्या ऑफिसात मी फायली ठेवायचो, पाणी नाही, हे सांगून थकलो. असो. घरात फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. तर फोन मी केला तरी बोलतेस तू, आणि आज मला बोलायचंय. तेव्हा चष्मा लाव आणि खुर्चीत बसून वाच.

आधी वाईट बातमी सांगून टाकतो. आम्रपालीचे वडील रावसाहेब यांनी काल निरोप दिला, की तुझ्या सौरभचं आणि तिचं जरा थांबू या. हो, तीच आम्रपाली, जिचा फोटो तू पाहण्याचा कार्यक्रमही व्हायच्या आत फ्रेम करून भिंतीवर लावलास म्हणे. ‘थांबू या’चा अर्थ काय तो तुला सांगायला नको. एकतीस वर्षं वधू-वर मंडळ चालवतोय, पण थांबलेले लोक परत चालायला लागल्याचं माझ्या पाहण्यात नाही. रडू नकोस. मुलीचा दोष नाही. मुलाचा आहे, पण तू समजतेस तो नव्हे. दोष आहे तो आपल्या मंडळाच्या नव्या वेब अॅप्लिकेशनचा, आणि हे सगळं नीट कळायला तुला आधी जुन्या रजिस्टरपासून सुरुवात करावी लागेल.

रजिस्टर तू पाहिलेलं आहेस. लाल कापडी पुठ्ठ्याचं, रूळ लावून आखलेलं. (ऑफिसचं नाही, स्वतःच्या पैशानं घेतलेलं. तू चारचौघांत वेगळं सांगतेस म्हणून पुन्हा लिहितो.) आपल्याकडे पत्रिका बघत नाहीत, गुण जुळवत नाहीत, मग बघायचं काय, तर माणूस. म्हणून मी पहिल्यापासून दोन तऱ्हांनी लिहीत आलो. नाव, शिक्षण, नोकरी, उंची, मूळ गाव हे शाईनं. आणि शेवटी शेऱ्याच्या रकान्यात माणूस, तो पेन्सिलनं. मुलीचे वडील पगार विचारला की खोकतात. मुलगा चांगला, पण प्रत्येक वाक्यात बॉसचं नाव घेतो. अशा ओळी. पाहुणे आले की मी रजिस्टर त्यांच्यापुढे उघडतो आणि शेऱ्यावर उजवा हात ठेवतो. चहा आला तरी डाव्या हातानं पितो. त्या हाताखाली काय आहे हे आजवर कुणी वाचलं नाही, आणि वाचायला मागितलंही नाही. काही नाजूक असेल तर मीच दोन्हीकडच्यांना बाजूला घेऊन बऱ्या शब्दांत सांगतो. आणि लग्न लागलं की त्याच दिवशी घरी येऊन दोघांच्याही ओळी रबरानं खोडून टाकतो, कारण त्यानंतर त्यांचं ते बघायला मोकळे. ही पद्धत तुला माहीत आहे, सुशीलाला माहीत आहे, सगळ्या मंडळाला माहीत आहे.

तुझ्या चिरंजीवांना माहीत नव्हती. गेली तीन वर्षं तो आमच्या हॉलमधला दिवाण अडवून राहतो, रोज सकाळी बसनं हिंजवडीला जाऊन वेबसाइटी बनवतो आणि रविवारी माझ्याकडे दयेनं बघतो. जानेवारीत एकदा म्हणाला, मामा, आता रजिस्टर कोण उघडतं, हे सगळं आपण इंटरअॅक्टिव्ह करू. मी म्हटलं, बाबा, आत्ताही आहे. लोक येतात, बसतात, भांडतात, पोहे खाऊन जातात. पण मंडळाच्या बैठकीत सगळ्यांना ते फार आवडलं. (ज्यांना फोनवर गुड मॉर्निंगची फुलं पाठवण्यापलीकडे काही येत नाही त्यांना जास्त आवडलं.) मी बुधवार पेठेतल्या हुसेनभाईंकडून एक जुना कॉम्प्युटर आणला, सौरभनं पंधरा दिवसांत अॅप्लिकेशन तयार केलं, आणि अक्का, खोटं कशाला बोलू, ते चांगलं होतं. नावावर बोट ठेवलं की माणसाचं पान उघडायचं. मागे जा म्हटलं की मागे जायचं. मला एवढं कळलं, म्हणजे कुणालाही कळलं असतं. त्याच दिवशी हे पूर्ण झालं असं लिहून खाली सही करून घ्यायला हवी होती. मी कारकून असून घेतली नाही.

कारण पुढच्याच रविवारी आमचे भाचेसाहेब म्हणाले की हे जुन्या पद्धतीचं झालं. बोट ठेवल्यावर अख्खं पान नव्यानं उघडतं, हल्ली असं कुणी करत नाही. मी म्हटलं, रजिस्टरचं पान उलटलं तरी अख्खंच उलटतं, अर्धं पान उलटलेलं मी पाहिलेलं नाही. पण नवीन काही तरी फ्रेमवर्क निघालं होतं. फ्रेमवर्क म्हणजे तयार सांगाडा, त्यात आपण आपली माहिती भरायची, असं मला समजावण्यात आलं. मग भर की, म्हटलं. तो भरू लागला. निम्मं भरून झालं तोवर त्याहून नवीन सांगाडा निघाला. मग पहिला सोडून दुसरा. मार्चमध्ये तिसरा. प्रत्येक वेळी आमची लग्नाची मुलंमुली जिथल्या तिथे, आणि स्क्रीनच्या मध्यभागी एक चकती गोल फिरत बसलेली. काय करतेय विचारलं तर म्हणे, माहिती आणतेय. माहिती माझ्या मांडीवर होती, रजिस्टरात. हुसेनभाई पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे. ते म्हणाले, ओव्हाळसाहेब, लोक माझ्याकडे बिघडलेला रेडिओ आणायचे, तुमचा भाचा चालू रेडिओ उघडतो.

आणि स्वतः सगळं लिहील तर शपथ. फॉर्म हा तयार मिळतो म्हणे, बटण तयार मिळतं, उंची निवडायची सरकती पट्टीसुद्धा तयार मिळते, कुठल्या कुठल्या देशांतल्या अनोळखी लोकांनी करून ठेवलेली. ही जोडाजोडी म्हणजेच आधुनिक पद्धत. तर त्यानं असाच एक लग्नाचा तयार फॉर्म उचलून आणला आणि त्यात ‘मंगळ आहे का’ या प्रश्नाला लाल चांदणी. म्हणजे उत्तर दिल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. आपल्या मंडळाच्या फॉर्मवर, अक्का! येरवड्याहून एका निवृत्त मुख्याध्यापकांनी फोन करून मला पाऊण तास बावीस प्रतिज्ञा ऐकवल्या, आणि मी सगळ्या निमूटपणे ऐकल्या, कारण त्यांचं बरोबर होतं. उंचीची पट्टी अशी सरकायची की पुरुषमाणसाचं बोट लागलं की मुलगी सात फुटांची. त्यानंतर एप्रिलमध्ये एका सकाळी सगळी स्क्रीन पांढरी. पंचाईत काय झाली, तर त्या अनोळखी लोकांपैकी कुणी तरी आपला तुकडा बदलला होता. मी म्हटलं, त्या गृहस्थांना आपल्या कर्वेनगरच्या मुलींची लग्नं अडलीत हे कळवलंस का? सौरभ म्हणाला, पण मामा, माझ्या लॅपटॉपवर चालतंय ना. मग लग्नंही तुझ्या लॅपटॉपवरच लावू या, म्हटलं. तो हसला. मला हसू आलं नाही.

आता मुख्य मुद्दा. रजिस्टरातल्या तीनशे चाळीस नोंदी मी स्वतः टाइप केल्या, दोन बोटांनी, रोज सकाळी चहानंतर. शेऱ्याच्या रकान्यापाशी आल्यावर सौरभनं मला विचारलं, मामा, पेन्सिल आणि शाई वेगळी कशी दाखवायची? मला बरं वाटलं, की पोरानं एक तरी प्रश्न कामाचा विचारला. मी सांगितलं, शाईचं काळं कर, पेन्सिलचं फिकट करड्या रंगात, बारीक अक्षरांत. त्यानं हुबेहूब तसं केलं. अगदी पेन्सिलसारखं. तो पुन्हा म्हणाला, हे कुणाकुणाला दिसायचंय? मी म्हटलं, पेन्सिलचं नेहमी ज्याला दिसतं त्यालाच. अक्का, मी माझ्या मनातलं बोललो. पेन्सिल म्हणजे खासगी, हे मला इतकं अंगवळणी पडलंय की त्याला सांगावं लागेल असं वाटलंच नाही. त्यात खासगी असतं ते पेन्सिलमुळे नव्हे, वर ठेवलेल्या हातामुळे, हे मलाही कालच कळलं. तो हात त्या अॅप्लिकेशनमध्ये नव्हता.

शिवाय प्रत्येकाचा एकेक चौकोन, आणि सगळे चौकोन सारख्या उंचीचे दिसले पाहिजेत असा याचा हट्ट. त्यामुळे शेरा एका ओळीपेक्षा मोठा झाला की तिथेच कापायचा, पुढे तीन टिंबं, आणि खाली निळ्या अक्षरांत ‘अधिक वाचा’. त्यावर बोट ठेवलं तर काही होत नाही. ते पुढच्या व्हर्जनमध्ये होणार आहे. तुला तुझा मुलगा माहीत आहे. चौथीत असताना यानं निबंधाच्या शेवटी ‘उरलेलं उद्या’ असं लिहून वही बाईंना दिली होती.

तर काल, रविवारी, परिचय मेळाव्यात या प्रकरणाचं उद्घाटन. हॉल भरलेला, दोन-अडीचशे माणसं, प्रत्येकाच्या हातात फोन. मी व्यासपीठावर नवा शर्ट घालून. रावसाहेब, त्यांची मंडळी आणि आम्रपाली दुसऱ्या रांगेत. सौरभनं पडद्यावर दाखवलं की इथे मी एक अक्षर लिहिलं की सगळ्यांच्या फोनवर तिथल्या तिथे उमटतं, पान पुन्हा उघडायला नको. टाळ्या झाल्या. मग म्हणाला, आता सगळ्यांनी आपापल्या घरचा चौकोन उघडून बघा. उघडले. आणि एकेक मान फोनवरून उठून माझ्याकडे वळली. मी माझ्या फोनवर पाहिलं. माझी पेन्सिल ठळक काळ्या अक्षरांत छापलेली होती. त्याचं असं झालं, की वेबसाइट तपासायचं एक साधन असतं, ते सगळ्या पानांवरून फिरून कुठे काय चुकलं ते सांगतं. त्यानं सांगितलं की ही फिकट अक्षरं वयस्कर माणसांना वाचता येणार नाहीत. म्हणून सौरभनं शनिवारी दुपारी ती सगळी ठळक करून टाकली. जन्मात पहिल्यांदा त्यानं काही तरी वेळेत पूर्ण केलं, ते हे.

पुढचं काय सांगू. जे पगार विचारला की खोकतात ते काल खोकले नाहीत, सरळ माझ्या अंगावर आले. बॉसचं नाव घेणाऱ्या मुलाच्या आईनं मला व्यासपीठावरून खाली बोलावून घेतलं. दोघा व्याह्यांनी, ज्यांची बोलणी पंधरा दिवसांपूर्वी झाली होती, एकमेकांचे शेरे वाचून काढले. सौरभ बिचारा घामाघूम होऊन लॅपटॉपवर काही तरी बंद करू बघत होता, पण ते बंद करायचं बटणसुद्धा पुढच्या व्हर्जनमध्येच होतं. एकतीस वर्षं लोकांनी मला घरातल्या गोष्टी सांगितल्या त्या या हाताच्या भरवशावर, आणि काल तेच लोक माझ्याकडे बघून न बघितल्यासारखे दारातून बाहेर पडले. मला फार लागलं, अक्का. रावसाहेब मात्र आरडाओरडा करणाऱ्यांतले नाहीत. ते शांतपणे जवळ आले आणि म्हणाले, ‘ओव्हाळसाहेब, हे तुम्ही आम्हाला तोंडानं सांगायला हवं होतं.’ संध्याकाळी थांबू या असा निरोप आला.

सौरभच्या चौकोनात काय होतं, असं तू विचारशील. काही तरी किरकोळ होतं. आता आठवतही नाही. मुख्य गोष्ट अशी, की हे सगळं त्या फ्रेमवर्कमुळे झालं, त्यामुळे मुलाला फोन करून चांगलं फैलावर घे. तो कालपासून जेवलेला नाही. (म्हणजे पोळी खाल्ली नाही. वडापाव खातो.) मंडळानं अॅप्लिकेशन बंद केलंय आणि रजिस्टर पुन्हा माझ्या टेबलावर आहे. गुडघ्याला तेल लाव. घरातल्या सगळ्यांना जयभीम.

तुझा,
रतन

ता. क. (मंगळवार) : पाकीट चिकटवलं होतं, सुशीलानं फोडायला लावलं. ती म्हणाली, खरं लिहा, नाहीतर मी फोन करते. तर सौरभच्या चौकोनात जे होतं ते मला आठवतं. ते सौरभबद्दल नव्हतं. तुझ्याबद्दल होतं. ‘मुलाची आई बोलायला लागली की थांबत नाही...’ आणि पुढे तीन टिंबं. रावसाहेबांच्या मंडळींनी ते वाचून धसका घेतला. त्यांची स्वतःची सासू तशी होती म्हणे, आता मुलीच्या वाट्याला तेच नको. अक्का, चूक माझी आहे. फ्रेमवर्कची नाही, सौरभचीही नाही. त्यानं मला दोनदा विचारलं होतं.

आता या पत्राचं खरं काम. तू रावसाहेबांच्या मंडळींना स्वतः फोन कर. नंबर मागे लिहिलाय. ख्यालीखुशाली विचार, मुलीचं कौतुक कर आणि फोन ठेव. म्हणजे शेरा खोटा ठरेल. बोलायला बसण्याआधी गॅसवर कुकर लाव. तीन शिट्ट्या झाल्या की समोरची वाक्याच्या मध्यावर असली तरी ‘बरं तर’ म्हणायचं. वाक्याच्या मध्यावर तू असलीस तर विशेष करून.

ता. क. (गुरुवार) : पत्र अजून इथेच आहे, कारण काल आम्रपाली येऊन गेली. एकटी, स्कूटरवर, ऑफिस सुटल्यावर. ती एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते, हे तुला माहीतच आहे. मला वाटलं, फोटो परत मागायला आली. तिनं सौरभला आधी सांगितलं की तुमचं ‘अधिक वाचा’ चालत नाही. तो म्हणाला, पुढच्या व्हर्जनमध्ये होईल. ती म्हणाली, ‘तक्रार नोंदवा’ही चालत नाही, म्हणून समक्ष यावं लागलं. मग माझ्यासमोर बसून म्हणाली, काका, मूळ रजिस्टर बघायचंय. मी उघडलं. सवयीनं शेऱ्यावर हात ठेवला. ती वाट बघत बसली. सुशीलानं चहा आणून ठेवला. अक्का, एकतीस वर्षांत पहिल्यांदा मी उजव्या हातानं चहा प्यायलो.

तिनं वाचलं. तूही वाच, कारण तुझीच ओळ आहे, आणि तुला मी तोंडानं हे कधी सांगू शकलो नसतो : ‘मुलाची आई बोलायला लागली की थांबत नाही. दाजी गेल्यावर दोन वर्षं ती कुणाशी एक शब्द बोलली नव्हती. आता बोलते तेव्हा आम्ही सगळे ऐकतो. येणाऱ्या मुलीनंही ऐकावं.’

मुलीनं ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग तिनं फोनवर त्याचा फोटो काढला, आईला पाठवला आणि सौरभला म्हणाली, ‘मी अर्धवट वाचून कुठलीच तक्रार बंद करत नाही.’ आज सकाळी रावसाहेबांचा फोन आला, पाहुण्यांना कधी आणताय म्हणून. सौरभनं ‘अधिक वाचा’ दुरुस्त केलंय. अॅप्लिकेशन बंद असताना. माझ्याकडे मात्र एक अडचण उभी राहणार आहे. लग्नाच्या दिवशी नियमाप्रमाणे ही ओळ खोडावी लागेल, आणि या एका ओळीला रबर लावायला माझा हात उठेल असं वाटत नाही.

ता. क. : आम्रपालीनं नंबर दिलाय, तो रावसाहेबांच्या नंबराखाली लिहिलाय. रविवारी तिला सुटी असते. तिला फोन कर. कुकर लावू नकोस.